दुसऱ्याचे मूल सांभाळताना

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक यांसारख्या शहरांतील सदनिकांची दारे सकाळी आठ-नऊच्या सुमारास एकदा बंद झाली म्हणजे त्यांपैकी कित्येकांच्या आत संध्याकाळपर्यंत दोनच माणसे उरतात: आपल्यावर काय गुदरले हे सांगण्याइतकी भाषा अद्याप ज्याच्यापाशी नाही असे एक मूल, आणि त्या मुलाला न्हाऊमाखू घालणारी, भरवणारी, झोपवणारी, त्याचे शी-शू काढणारी एक बाई, जी त्या घरची नव्हे. २०१७ साली प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन नोकरदार मातेला पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराच्या सोयीचे बंधन आले, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु ती रजा संपते तेव्हा मूल जेमतेम सहा महिन्यांचे झालेले असते, आजी-आजोबा बहुधा गावाकडे असतात, कचेरीतले पाळणाघर एक तर नसते किंवा दीड तासाच्या प्रवासाच्या पलीकडे असते, आणि मग ओळखीतून, रखवालदाराच्या शब्दावर किंवा एखाद्या एजन्सीमार्फत घरी सांभाळणारी बाई ठेवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

या बाईविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा एकाच दिशेने बोलले जाते: ती विश्वासू आहे की नाही, आपल्यामागे मुलाला मारीत तर नसेल, घरातल्या वस्तूंना हात तर लावणार नाही. ही विवंचना निराधार नाही आणि तिचा विचार पुढे करावयाचाच आहे; पण तिच्याहून अवघड असा एक प्रश्न आहे, जो नोकरी ठरविताना कोणी उच्चारीत नाही. मुलाला होणारी इजा बाईकडून नव्हे तर घरातल्याच, नात्यातल्याच किंवा जाण्यायेण्यातल्या कोणाकडून होत असेल, आणि ती बाईच्या दृष्टीस पडली, तर तिने काय करावे? मुलाचे उघडे अंग दररोज पाहणारी व्यक्ती अनेकदा ती एकटीच असते, आणि त्या घरात जिच्या शब्दाला सर्वांत कमी वजन आहे अशी व्यक्तीही तीच असते. माझ्या मते या विषयातील सगळी अडचण ह्या दोन गोष्टी एकाच ठिकाणी येण्यात आहे. म्हणून बाईचे कर्तव्य सांगावयाचे तर ते तिला पार पाडता यावे अशी तजवीज करण्याचे घरमालकांचे कर्तव्यही त्याच दमात सांगितले पाहिजे.

परक्या स्त्रीच्या हाती मूल सोपविण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला, सईबाईंची प्रकृती क्षीण होती, आणि म्हणून कापूरहोळच्या धाराऊला दूधआई म्हणून आणण्यात आले, ही हकीकत महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु अशा दूधआया, दाया आणि पुढच्या काळातल्या वाड्यांतून मुले खेळवणाऱ्या बाया सहसा एकट्या नसत. त्यांच्या आसपास सासवा, नणंदा, विधवा आत्या, आश्रित आणि इतर नोकरमाणसे यांचा राबता असे. एवढ्या माणसांत मूल सुरक्षितच राहत असे, असे मात्र मी म्हणणार नाही, कारण एकत्र कुटुंबांनी पोटात घातलेल्या गोष्टी काही थोड्या नाहीत. फरक इतकाच की तेव्हा एकीने पाहिलेले दुसरीच्या कानावर घालता येई. आजच्या बाईला घरात असे दुसरे माणूसच नाही, आणि तिने पाहिलेले ती संध्याकाळी आपल्याबरोबर घेऊन बसथांब्यावर जाते.

कायद्याने मात्र तिला मोकळे सोडलेले नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा अधिनियम, ज्याला सर्वत्र पोक्सो म्हणतात, २०१२ साली संमत होऊन त्याच वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून अमलात आला. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती, मग तो मुलगा असो वा मुलगी, या कायद्याने बालक ठरते. त्याच्या १९व्या कलमात असे फर्मावले आहे की, असा अपराध घडल्याचे ज्या कोणाला ठाऊक असेल किंवा तो घडण्याचा संभव आहे अशी ज्या कोणाला धास्ती वाटत असेल, त्या व्यक्तीने ती खबर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना दिलीच पाहिजे. 'कोणतीही व्यक्ती' या शब्दांत डॉक्टर, शिक्षक, आई, काका, शेजारी आणि घरकामाची बाई असा भेद केलेला नाही. २१व्या कलमाप्रमाणे, अपराध घडल्याचे ठाऊक असून खबर न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात; या शिक्षेतून सूट आहे ती फक्त बालकाला. ज्या बाईने अक्षरओळखीपलीकडे शिक्षण घेतलेले नाही तिच्यावरही हे दायित्व आहे, आणि शंभरात एकीलाही ते कोणी समजावून सांगितले असेल असे मला वाटत नाही.

तथापि याच कायद्यात तिला आधार देणाऱ्या तरतुदीही आहेत, आणि त्या तितक्याच ठळकपणे सांगितल्या गेल्या पाहिजेत. तिने पुरावा गोळा करावयाचा नाही, चौकशी करावयाची नाही, गुन्हेगार कोण याचा निवाडा करावयाचा नाही. खबर द्यावयाची, एवढेच. सद्भावनेने दिलेली खबर पुढे खरी ठरली नाही, तरी त्याबद्दल तिच्यावर दिवाणी वा फौजदारी कोणतीही जबाबदारी येत नाही, असे त्याच १९व्या कलमात म्हटले आहे. कोणाची बेअब्रू करण्यासाठी किंवा पैसे उकळण्यासाठी जाणूनबुजून खोटी खबर देणे ही निराळी गोष्ट, आणि तिची शिक्षाही निराळी. खबर मिळाल्यावर पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवावयाचे असते. मुलाला ठाण्यावर बोलावून गणवेशातल्या हवालदारापुढे उभे करतील, ही जी धास्ती अनेकांच्या मनात असते ती कायद्याच्या शब्दांशी जुळत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला जेथे सोयीचे वाटेल तेथे, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या स्त्री-अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाच्या उपस्थितीत नोंदवावा अशी तरतूद आहे. मुलाला रात्री कोणत्याही सबबीवर पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही.

न्यायालये या कर्तव्याकडे किती गंभीरपणे पाहतात याचे एक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथल्या एका शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा त्या मुलींवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरावर, त्याला हे ठाऊक असूनही त्याने खबर दिली नाही, असा आरोप ठेवण्यात आला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्याविरुद्धची फिर्याद रद्द केली. परंतु २०२२ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम फिरविला आणि अपराधाची माहिती असून ती न देणे हा स्वतःच एक गंभीर अपराध आहे, असे स्पष्ट केले. पदवी, दवाखाना आणि प्रतिष्ठा असलेल्या माणसालाही जे जड जाते ते महिना काही हजारांवर दिवसभर राबणाऱ्या बाईकडून अपेक्षिताना आपण तिच्या बाजूने काय उभे केले आहे, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

कारण तिच्या गप्प राहण्याची कारणे क्षुल्लक नाहीत. केंद्र सरकारच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांना विचारण्यात आले होते, त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या लैंगिक गैरवर्तनाचा अनुभव सांगितला, आणि असे करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा त्याचा ज्यांच्यावर विश्वास असावा असे होते. म्हणजे बाईला जिच्याविरुद्ध तोंड उघडावयाचे ती व्यक्ती बऱ्याच वेळा त्याच घरात जेवणारी, कदाचित तिचा पगार देणारी असते. बोलली तर नोकरी जाणार, हे पहिले भय; उलट तिच्यावरच चोरीचा किंवा मुलाला मारल्याचा आळ येणार, हे दुसरे आणि अधिक खरे; त्या इमारतीत, त्या गल्लीत पुन्हा कोणी तिला कामावर ठेवणार नाही, हे तिसरे; आणि ज्या मुलाला तिने आपल्या पोरासारखे वाढविले ते उद्यापासून दृष्टीसही पडणार नाही, हे दुःख, जे ती कोणाला सांगत नाही. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. २००८ साली राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. या दोन्हींमुळे पगार, रजा आणि हक्क या गोष्टी निदान बोलण्यात आल्या. पण मुलाच्या रक्षणासाठी नोकरी गमावलेल्या बाईच्या रोजीरोटीची जामीनकी आजही कोणी घेत नाही.

एका परदेशी प्रकरणाचा येथे उल्लेख करणे मला अगत्याचे वाटते, कारण त्यात सांभाळणाऱ्या बाईच्या नजरेचे मोल जसे दिसते तसे क्वचितच कोठे दिसले असेल. आयव्हरी कोस्टमधून लंडनला आणलेली व्हिक्टोरिया क्लिंबी ही सात-आठ वर्षांची मुलगी आपल्या वडिलांच्या एका नातलग स्त्रीकडे राहत असे. ही नातलग कामावर जाताना तिला एका बाईकडे सांभाळायला ठेवी. या बाईची सरकारदफ्तरी नोंदणीही नव्हती. १९९९ च्या जुलै महिन्यात एके रात्री मुलगी तिच्याकडे राहिली, अंगावरच्या जखमा तिला दिसल्या, आणि १४ जुलै रोजी त्या बाईची मुलगी व्हिक्टोरियाला इस्पितळात घेऊन गेली. तेथे तपासणाऱ्या पहिल्या डॉक्टरलाही संशय आला. परंतु वरिष्ठ डॉक्टरांनी त्या खुणा खरजेच्या ठरविल्या आणि दुसऱ्याच दिवशी मुलगी पुन्हा त्याच घरी गेली. २५ फेब्रुवारी २००० रोजी ती मरण पावली, तेव्हा तिच्या अंगावर १२८ जखमांची नोंद झाली. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीचा अहवाल २००३ साली आला, आणि २००४ साली इंग्लंडात मुलांविषयीचा नवा कायदा झाला. पोलीस, नगरपालिकांचे समाजकल्याण खाते, इस्पितळे अशा सर्वांच्या हातून ती मुलगी निसटली; जिच्यापाशी परवानाही नव्हता, तिने मात्र पाहिले, ओळखले आणि जे करावयास हवे ते केले.

मग पाहावयाचे काय? चालू-पळू लागलेल्या मुलाची नडगी, गुडघे, कपाळ आणि कोपरे यांवर निळे-काळे डाग असणे हे त्याच्या वयाचे लक्षण आहे. परंतु जे मूल अद्याप पालथेही पडत नाही किंवा रांगत नाही, त्याच्या अंगावर साधारणतः मुका मार असू नये, आणि तो दिसला तर त्याचा खुलासा मागितलाच पाहिजे. पडण्या-धडपडण्याने कान, गाल, मान, पोट, पाठ, कुल्ले आणि मांड्यांची आतली बाजू या मऊ व झाकलेल्या जागी सहसा लागत नाही. पाच बोटांचे वळ, उलथन्याच्या किंवा पट्ट्याच्या आकाराची खूण, पायमोजा घातल्यासारखी सरळ रेषेत संपणारी भाजल्याची जखम, ह्या खुणांना 'पडला असेल' हे उत्तर पुरत नाही. त्याबरोबरच हेही ध्यानात ठेवावे की आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर व कुल्ल्यांवर जन्मतःच निळसर-करडे डाग असतात, ते दुखत नाहीत आणि काही वर्षांत आपोआप विरतात; ते मार नव्हेत. म्हणून कामाला लागल्याच्या पहिल्याच दिवशी बाळाच्या आईसमवेत बाळाला आंघोळ घालून अंगावरच्या सगळ्या खुणा एकमेकींना दाखवून ठेवणे फार उपयोगी पडते. पुढे उभयतांपैकी कोणावरही नाहक संशय येत नाही.

शरीरावर काहीच न दिसणारी लक्षणे याहून कठीण. अंथरूण ओले करणे थांबलेले मूल पुन्हा ओले करू लागते, लंगोट बदलताना किंवा आंघोळीच्या वेळी अचानक आक्रोश करते, विशिष्ट माणूस घरी येताच बाईच्या पदराला घट्ट धरते, त्याच्या वयाला कळू नये अशी क्रिया बाहुलीवर किंवा दुसऱ्या मुलावर करून दाखवते, खाणे-झोपणे बिघडते. यातील कोणत्याही एका गोष्टीवरून निष्कर्ष काढू नये, कारण दात येणे, धाकटे भावंड होणे, घर बदलणे यांनीही मूल असेच बिथरते. परंतु अशा गोष्टी एकत्र येऊ लागल्या की त्यांची तारीखवार नोंद ठेवावी. ज्या बाईला लिहिता येत नाही तिने रोज घरी जाताना आपल्या दूरध्वनीत आपल्याच आवाजात दोन वाक्ये बोलून ठेवावीत: आज काय पाहिले, केव्हा पाहिले, आईला काय सांगितले, तिने काय उत्तर दिले. अशा साध्या टिपणाला पुढे बाल कल्याण समितीपुढे किंवा न्यायालयात दस्तऐवजाइतके महत्त्व येऊ शकते. शिवाय आपल्याला जे दिसले ते खरोखर दिसले, हा भरवसाही त्यातून तिला मिळतो.

आणि जर मूल स्वतःच बोलले तर? बहुधा ते समोर बसवून विचारल्यावर बोलत नाही. भात भरवताना, वेणी घालताना, झोपेच्या आधी एखादे अर्धे वाक्य टाकते. त्या क्षणी बाईच्या चेहऱ्यावर उमटलेली दहशत किंवा किळस पाहूनच पुष्कळ मुले पुन्हा तोंड मिटून घेतात. म्हणून हातातले काम सावकाश चालू ठेवून ऐकावे. 'काकांनीच केले ना?' असे नाव सुचवू नये. 'मग काय झाले?' एवढेच विचारावे, आणि मुलाने जे शब्द वापरले तेच लक्षात ठेवावेत, त्यांना आपले शब्द देऊ नयेत, कारण पुढे त्याच्या कथनाची पारख होते तेव्हा कोणीतरी पढविले असा आक्षेप प्रथम येतो. 'कोणाला सांगणार नाही' असे वचन कदापि देऊ नये. 'तू सांगितलेस ते चांगले केलेस, तुझी काही चूक नाही, तुला मदत करील अशा माणसाला मी सांगणार आहे' असे म्हणावे. घटना ताजी असेल तर मुलाला न्हाऊ घालू नये आणि अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. ज्याच्यावर संशय आहे त्याला जाब विचारण्याच्या फंदात पडू नये, कारण त्याने मुलाचाच धोका वाढतो. आई-वडिलांपैकी ज्याचा या गोष्टीशी संबंध नाही त्याला प्रथम सांगावे. दोघांपैकी कोणावरच विसंबणे शक्य नसेल, किंवा सांगूनही 'घरातली गोष्ट घरात राहू दे' असे उत्तर आले, तर १०९८ हा क्रमांक फिरवावा. मुलांसाठी अहोरात्र चालणारी ही विनामूल्य सेवा १९९६ साली मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने सुरू झाली. आता ती सरकारी यंत्रणेत सामील झाली आहे. तातडीचा प्रसंग असेल तर ११२ आहेच. मूल लैंगिक नव्हे तर साध्या मारहाणीला किंवा उपासमारीला तोंड देत असेल, तर १९व्या कलमाची सक्ती तेथे लागू होत नाही, परंतु १०९८ चा आणि बाल कल्याण समितीचा दरवाजा त्याही मुलाला उघडा आहे.

आता बाईच्या स्वतःच्या आचरणाविषयी. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे ७५वे कलम मुलाचा प्रत्यक्ष ताबा ज्याच्याकडे आहे त्याला लागू होते, आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी सात हा ताबा तिच्याकडे असतो. त्या अवधीत मुलाला मारणे, छळणे, टाकून जाणे किंवा त्याच्या हाल-अपेष्टांना कारण होईल अशी बुद्धिपुरस्सर हेळसांड करणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु कायद्याच्या धाकापेक्षा तिला एका गोष्टीचे ज्ञान अधिक हवे. रडणे काही केल्या न थांबणाऱ्या तान्ह्याला खांद्यांना धरून गदगदा हलविण्याची ऊर्मी थकलेल्या कोणत्याही माणसाला येऊ शकते, जन्मदात्यांनाही येते. पण तान्ह्याचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मानेचे स्नायू दुबळे असल्यामुळे त्या काही सेकंदांत मेंदूवरच्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात, डोळ्यांच्या पडद्यांत रक्तस्राव होतो, आणि बाहेरून ओरखडाही न दिसता मूल आंधळे, पंगू किंवा मृत होऊ शकते. अशा वेळी मुलाला पाळण्यात उताणे ठेवून, दार लोटून, पाच-दहा मिनिटे दुसऱ्या खोलीत जाऊन बसणे हे पाप नाही. तेच त्या क्षणी मुलाचे रक्षण आहे. आईने हे तिला आपल्या तोंडाने सांगितलेले असावे, नाहीतर रडते मूल सोडून गेल्याचा ठपका येईल या भीतीने ती त्याला उचलूनच राहील.

थकलेल्या हातांनी शोधलेला दुसरा उपाय म्हणजे मुलाला गुंगवणे. १९२० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांची सरकारतर्फे एका स्त्री-डॉक्टरने पाहणी केली, तेव्हा मूल दिवसभर निपचित पडून राहावे म्हणून त्याला अफूची 'बाळागोळी' देण्याची चाल चाळींतून सर्रास असल्याचे आढळले. त्या आयांना दोष देणे मला कधीच जमले नाही. पाळणाघर नाही, रजा नाही, आणि साच्यावरून उठता येत नाही, अशा स्थितीत त्यांनी ते केले. आज अफू गेली, परंतु सर्दीचे गुंगी आणणारे औषध दोन चमचे अधिक पाजणे हा त्याच जातीचा प्रकार आहे आणि तितकाच घातक आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून आणि आईच्या सांगण्यावाचून कोणतेही औषध बाईने देऊ नये. पाण्याने अर्धवट भरलेली बादली, लहान मुलाच्या हाती शेंगदाणे, बाल्कनीतली खुर्ची, या धोक्यांची यादी घरोघर ठाऊक असते. कमी बोलले जाते ते असे: आपल्याकडे सोपविलेल्या मुलाला रखवालदारापाशी, इस्त्रीवाल्यापाशी 'एका मिनिटासाठी' ठेवून जाऊ नये, आपला नवरा, मुलगा किंवा भाऊ यांना त्या घरी बोलावू नये, मूल न्यायला आलेला इसम कितीही जवळचा नातलग म्हणवीत असला तरी आईला विचारल्याखेरीज मूल हवाली करू नये, मुलाचे छायाचित्र, विशेषतः आंघोळीचे किंवा उघड्या अंगाचे, आपल्या दूरध्वनीवर ठेवू नये, मग कोणाला पाठविणे तर दूरच. तेल लावताना, धुताना, पुसताना मुलाला 'आता इथे हात लावते' असे सांगण्याची सवय अगदी लहानपणापासून ठेवली, अवयवांची सरळ नावे त्याला शिकविली, तर पुढे कोणी वावगा स्पर्श केला तेव्हा तो वावगा आहे हे ओळखण्याची आणि सांगण्याची शक्ती त्या मुलात येते.

घरमालकांनी करावयाच्या गोष्टींत पोलीस पडताळणीचा उल्लेख प्रथम होतो, आणि ती करावीच. परंतु पूर्वी गुन्हा नोंदला गेला नाही एवढेच तिच्यावरून कळते. त्याहून अधिक उपयोगी आहे ते पूर्वीच्या घरी स्वतः जाऊन बोलणे आणि पहिले काही दिवस रजा काढून बाईबरोबर घरी राहणे. कॅमेऱ्यांविषयी मला एवढेच म्हणावयाचे आहे की ते लावले असतील तर तिला सांगून लावावेत, न्हाणीघरात आणि ती जेथे कपडे बदलते तेथे लावू नयेत, आणि ते दिवसभर बाईवर रोखलेले असतात पण संध्याकाळी ती गेल्यावर येणाऱ्या मामा-काकांवर, शिकवणीच्या मास्तरांवर रोखलेले नसतात, याचे भान ठेवावे. खरी तजवीज कामावर ठेवण्याच्या दिवशीच्या एका संभाषणाने होते, आणि ते संभाषण दोघांनी, म्हणजे आईने आणि बापाने मिळून, करावयाचे आहे: 'मावशी, आमच्या बाळाच्या अंगावर तुम्हाला काही दिसले, त्याच्या वागण्यात काही खटकले, आणि ते आमच्या घरच्या कोणाहीविषयी असले, आमच्या दोघांपैकी कोणाविषयी असले, तरी तुम्ही बोलावे, त्यासाठी तुमचे काम जाणार नाही. आमच्याशी बोलणे शक्य नसेल तर ह्या माणसाशी बोला, आणि हा १०९८ क्रमांक.' हे कागदावर लिहून, पगार, सुटी आणि कामाच्या वेळा यांच्याबरोबरच त्याचीही नोंद करून, एक प्रत तिच्याजवळ द्यावी. ज्या घरात महिन्याची एक खाडा रजा मागताना बाईला दहादा विचार करावा लागतो, त्या घरात ती मालकाच्या भावाविषयी तोंड उघडील ही अपेक्षा व्यर्थ आहे.

तिच्या स्वतःच्या शरीराच्या सुरक्षिततेचाही यात अंतर्भाव होतो, कारण जी स्वतः त्या घरात भेदरलेली आहे ती दुसऱ्याचे रक्षण करू शकत नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात राहते घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे, आणि घरकाम करणाऱ्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे तिला आणि तिच्या मालकिणीला, दोघींनाही, ठाऊक असले पाहिजे.

राहता राहिली ती गोष्ट, जिच्याकडे सुशिक्षित घरांतूनही डोळेझाक होते. बाळाला 'खेळवायला' म्हणून गावाकडून आणलेली बारा-चौदा वर्षांची पोरगी अजूनही शहरांतल्या सदनिकांतून दिसते. चौदा वर्षांखालील मुलांना घरगडी म्हणून ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून मनाई आहे. चौदा ते अठरा या वयाच्या मुलीस घरकामाला ठेवणे सर्वस्वी निषिद्ध नसले, तरी तिला बांधून ठेवणे किंवा तिची कमाई अडकवून ठेवणे हा बाल न्याय अधिनियमाच्या ७९व्या कलमाखाली अपराध आहे, आणि घरेलू कामगार मंडळात नोंद व्हावयास वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात, तेव्हा त्या आधारापासूनही ती वंचितच. पोक्सोच्या दृष्टीने त्या घरात एक नव्हे, दोन बालके आहेत. आणि धाकट्याच्या रक्षणाचे जे जे दायित्व वर सांगितले ते तिच्या कोवळ्या खांद्यांवर टाकता येत नाही, उलट तिच्या रक्षणाचे दायित्व घरातल्या प्रत्येक प्रौढावर येते. तिच्यावर काही बेतले तर ते पाहणारी व्यक्ती म्हणजे पोळ्या करायला येणारी बाई, समोरच्या दारातली शेजारीण किंवा जिन्यावरचा रखवालदार. १९वे कलम त्या तिघांनाही लागू आहे, आणि १०९८ हा क्रमांक फिरविण्यासाठी ती मुलगी कोणाच्या परवानगीची बांधील नाही, हे तिच्या कानावर त्यांच्यापैकीच कोणीतरी घालून ठेवावयाचे आहे.